काउंटर नंबर तीन

वीजबिलाच्या खिडकीत माझ्याशी आता कुणी भांडत नाही.
पूर्वी मीटर खोटं, रीडिंग खोटं, शून्य एक जास्त,
अर्धं दौलतगंज काचेवर हात आपटायचं.
आता लोक एकदा वर बघतात
आणि सुटे पैसे मोजून ठेवतात.
भदौरिया साहेब म्हणाले, शितोळे मॅडम, आपने तो वसूली बढ़ा दी.

मी डोळे वटारलेले नाहीत.
हे कुठेतरी लिहून लावायला हवं होतं,
'यहाँ थूकना मना है'च्या खाली.

सुरुवात गळ्यात झाली.
तिथे पंख पसरून बसलेली एक ग्रंथी,
तिला म्हणे घाई सुटली.
ग्वाल्हेरच्या जानेवारीत मला उकडायचं,
हात थरथरून नोटांची गड्डी दोनदा चुकली.
सात किलो उतरले तेव्हा नणंद म्हणाली, छान दिसतेस गं.
मग डोळे.

जयारोग्यच्या ओपीडीत डॉक्टर सिकरवारांनी
काडेपेटीत मागून कापूस कोंबून दाखवला.
डोळ्यामागची चरबी, डोळा फिरवणारे स्नायू,
शरीर आपल्याच माणसांना परकं समजून बसलंय,
सगळं सुजलंय तिथे.
और हड्डी तो फैलेगी नहीं, बहनजी.
पेटीचा खण हळूच पुढे सरकला.

तेव्हापासून वर पाहिलं
की किल्ल्यावर आणखी एक किल्ला, जरा तिरका.
सकाळी पापण्या फुगलेल्या,
दुपारी डोळ्यांत वाळू,
आणि पाणी, ज्याचा रडण्याशी काही संबंध नाही.

डोळ्याला डोळा लागत नाही,
हे मी काळजीबद्दल म्हणायचे.
आता खरंच पापणीला पापणी पोचत नाही,
मधे पांढरी फट राहते.
रात्री हे मलम घालतात, वर पट्टी चिकटवतात,
पंप दुरुस्त करून खरबरीत झालेल्या बोटांनी,
पाकिटावर तिकीट लावावं तशी.
बावीस वर्षांत माझ्याआधी न झोपण्याची
त्यांची ही पहिलीच वेळ.

परवा मुरारकडची एक बाई आली, हनुवटीपर्यंत घूंघट.
चारशे बारा रुपये.
नोटा मोजायला तिने पदर बोटभर उचलला.
बुबुळाच्या वरही पांढरं, खालीही पांढरं.
मी बघत राहिले, तीही.
कोण कुणाला घाबरवतंय, कळेना.

मी विचारलं, कब से?
ती म्हणाली, सास कहती है, बहू आँख दिखाती है.
म्हणून पदर इतका खाली.

पावतीच्या मागे मी लिहून दिलं,
मंगळवार, खोली सतरा, सकाळी लवकर जाना,
गले की जाँच पहले.
तिला वाचता येतं का, विचारायचं राहिलं.
तिने पावतीची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली,
तरी जाईना.
मागचा माणूस ओरडला, क्या तमाशा है, जल्दी करो.

मी फक्त वर बघितलं.