शीर

फॉर्मवरचा चौथा प्रश्न:
नोकरीच्या आड काय काय येतं?
खाली अडीच ओळींची जागा.
ट्वायला मलिन्सने लिहिलं, गाडीचा अल्टरनेटर.
मग खोडलं.
मग लिहिलं, भाऊ.
तेही खोडलं, पण हलक्या हाताने,
वाचता येईल इतपत.

मी काउंटीच्या कचेरीत बसते.
खिडकीतून कनावा नदी दिसते,
पलीकडे बंद कारखान्याची टाकी, गंजून नारिंगी झालेली.
मंजूर करणं, किंवा न करण्याचं कारण देणं,
एवढंच माझं काम.
एकोणीस वर्षं बाईने मोटेलच्या चादरी धुतल्या.
मोटेल विकलं गेलं,
नवा मालक चादरी बाहेरून धुवून आणतो.

अनुदानात बसतं: सोळा आठवड्यांची फी,
निळ्या गणवेशाचे दोन जोड, न घसरणारे बूट,
बसचा पास.
अल्टरनेटर बसत नाही.
पहिली बस सकाळी सातला येते आणि वर्गही सातला सुरू होतो,
हे तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

रक्त काढायला शिकवतात तिथे.
आधी रबराच्या हातावर.
त्या हाताला कोपर आहे, माणूस नाही.
आत लाल पाण्याची नळी,
आणि आदल्या तुकड्यांनी टोचून टोचून
एकाच जागी पडलेली भोकं.
पहिल्याच दिवशी तिने ती भोकं पाहिली
आणि उठून बाहेर गेली.
शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, रक्ताला घाबरली.
पहिल्या आठवड्यात दोघं-तिघं गळतातच.

ती परत आली. हात धुवून.

मला हे कळलं, कारण हजेरीपटावर शेरा होता:
बारा मिनिटं गैरहजर.
बारा मिनिटांचाही खुलासा घ्यावा लागतो.
समोर बसली, नवे बूट फरशीवर करकरत.
म्हणाली, ऑरिनचा हात असाच दिसायचा.
म्हणाली, शेवटी शेवटी त्याला शीर सापडायची नाही.
ट्वाय, टॉर्च धर, म्हणायचा.
धरायचे मी.
नाही धरला तर
अंधारात शोधायचा.

मी लिहिलं: वैयक्तिक कारण, समाधानकारक.
चौकटीत तेवढंच मावलं.

आता ती डोंगराआडच्या इस्पितळात असते,
पहाटे पाच ते दुपारी दीड.
शेजाऱ्याने भंगारातला अल्टरनेटर बसवून दिला,
त्याचे पैसे ती हप्त्याने फेडते.
दातांच्या विम्याचं कार्ड मला दाखवायला आली होती,
तान्ह्या बाळाचा फोटो दाखवावा तसं,
दोन्ही हातांत धरून.
हातावर पोट असतं म्हणतात ना,
तिचं आता दुसऱ्यांच्या हातांवर आहे.

ज्यांची शीर कुणालाच सापडत नाही
त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावर तिलाच बोलावतात.
म्हातारे. औषधांनी सुकलेले हात.
आणि ती पोरं,
उन्हाळ्यातही बाह्या मनगटापर्यंत ओढून बसलेली,
ज्यांना बाकीचे विचारतात, आता कुठे टोचायचं तुला?
सुई त्या आवाजातच असते.
ती विचारत नाही.
हात हातात घेते, गरम फडका ठेवते,
डोळे मिटून बोटाने चाचपत राहते,
इतका वेळ, की पोरगं वर बघतं.
ही बघ, म्हणते, लपून बसली होती.
एकदाच टोचते.

नव्वद दिवसांनी शेवटचा कागद येतो माझ्याकडे:
अजून नोकरीवर आहे का?
मी हो वर खूण केली.
खाली शेऱ्याला जागा असते, कुणी भरत नाही.
फाईल मागे उलटली, चौथ्या प्रश्नापर्यंत,
खोडलेला शब्द अजून वाचता येत होता.
आड काय येतं,
असं विचारलं होतं आम्ही.
आडच, फक्त.

पेन उघडं धरून बसले होते.
दारात पुढचा माणूस आला,
टोपी काढलेली,
फॉर्म उलटा धरलेला.