निरंक

कल्लवाडी, तालुका दक्षिण सोलापूर.
समुद्रसपाटीपासून उंची चारशे बावन्न मीटर,
क्षेत्र सहाशे अकरा हेक्टर,
त्यातले नव्वद भीमेच्या मर्जीवर.
कल्ल म्हणजे दगड. वाडी म्हणजे वाडी.
अर्धं नाव कन्नड, अर्धं मराठी,
शिव्या दोन्हीत.

गावाचा पहिला उल्लेख एका मोडी कागदात.
शेजारच्या गावचा पाटील सुभेदारापाशी रडतोय
की आमचा खिलारी बैल
कलवाडीचे लोकी रात्रौ नेला,
मागता नाही म्हणितले.
इतिहासात हे गाव असं शिरलं,
मध्यरात्री, दुसऱ्याचा कासरा धरून.
पुढे एकशे चाळीस वर्षं कोणी त्याचं नाव काढलं नाही.
चोरी ती एकच केली
की पुढच्या सापडल्या नाहीत,
यावर पिठाच्या गिरणीसमोर अजून दोन मतं आहेत.

मी इथला मास्तर. राहायला जुळे सोलापुरात,
त्यामुळे माझी मोजणी तिकडे दुसऱ्या कोणीतरी केली.
इथे मी प्रगणक.
गळ्यात ओळखपत्र, हातात गेरू,
दारांवर आकडे काढत फिरतोय.

तलाठ्याच्या पत्र्याच्या पेटीत
जुन्या खानेसुमारीच्या नकला निघाल्या.
अठराशे एक्क्याऐंशी : चारशे बारा.
एक्क्याण्णव : चारशे पंचावन्न.
एकोणीसशे एक : तीनशे तीन.
मधला दुष्काळ दोन ओळींच्या फटीत
आवाज न करता बसलाय.
एकोणीसशे अकरा : निरंक.

निरंक.
अक्षर देखणं, वळणदार, शाई अजून काळी.
एकवीस साली पुन्हा दोनशे सत्त्याऐंशी,
जणू माणसं भिंतीतून उगवली.

लाडलेसाहेब मुजावरांना विचारलं.
ते बाजेवर बसून करडईचा पाला निवडत होते.
'पिलेग होता की ओ मास्तर.
घरात उंदीर पडला की गाव बाहेर.
समदे माळावर, खोपटात.
मोजणारा रातीला आला, कंदील घेऊन.
दारं वाजवला. कुत्रं भुकलं नाही,
कुत्री बी माळावरच की.
दिसलं ते लिवला बिचारा.
अन् माझा आजा त्याच रातीला झाला बगा.'

म्हणजे लोकसंख्या शून्य,
आणि त्यात एक बाळंतीण.

मी पुढे निघालो.
घर क्रमांक सतरा : कुलूप. सायबण्णा बिराजदार,
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, कुटुंबासह.
एकवीस, बावीस, तेवीस : कुलूप.
चाळीस : कुलूप, पण मीटर फिरतंय.
खिडकीतून पाहिलं तर आत पंखा चालू.
कधीपासून, कोणालाच माहीत नाही.

बसलिंगव्वाच्या दारात विचारलं, किती जण?
म्हणाली, 'जत्रेला अकरा. आज मी.'
मग माझ्या कागदाकडे बघत,
'तुला कुठला पाहिजे?'
सूचनापुस्तिका उघडली.
तिच्यात सहा महिने आहेत, जत्रा नाही.
लिहिलं : एक.
तिनं पेनाची हालचाल पाहिली,
एकाच्या आकड्याला किती कमी वेळ लागतो ते पाहिलं,
आणि ताकाला उठली.

संध्याकाळी लाडलेसाहेब मला माळावर घेऊन गेले.
कुसळी गवतात तीन-तीन दगड,
काळवंडलेले, अजून एकमेकांकडे तोंड करून.
काही चुलींचे असतील,
काही नुसतेच दगड, गावाचं नावच तसं.
तरी मी मोजले. एकसष्ट.
फॉर्ममध्ये रकाना शोधला नाही.

एकूण दोनशे अडतीस.
पुरुष एकशे दोन, स्त्रिया एकशे छत्तीस.
तीनदा बेरीज केली, तेवढीच आली.

परतताना शेजारच्या गावच्या फाट्यावर
चहाला थांबलो. टपरीवाल्यानं
गळ्यातलं ओळखपत्र वाचलं, गाळणी झटकली.
'कल्लवाडीत किती निघाले?'
सांगितलं.
'अन् आमचा बैल?'