झडती

हे रिटायर झाले त्या आठवड्यात
जेल रोडच्या आमच्या गच्चीवर
द्राक्षांचे सात रिकामे क्रेट आले.
पिंपळगावच्या मेहुण्यानं टेम्पोतून टाकले,
भाडं घेतलं नाही, चहाही घेतला नाही.

"मेथी लावतो," म्हणाले.
लावा, म्हटलं.
चौतीस वर्षं नोटा छापणाऱ्या माणसाला
दहाची जुडी महाग वाटायला लागली
तर बायकोनं काय बोलावं.

धने आधी चपलेखाली रगडायचे, हे मीच सांगितलं.
एका धन्याचे दोन होतात, दोन्ही उगवतात.
ऐकून जरा वेळ गप्पच झाले.
प्रेसमध्ये असलं काही चालत नसे.

मग प्रत्येक क्रेटला नंबर.
ऑइलपेंटनं, आधी चार शून्यं, मग आकडा.
००००४ पालक,
००००७ मिरची.
सकाळी मोजणी, संध्याकाळी फेरमोजणी,
एखादं पान कमी भरलं की
माझ्याकडे बघायचे.
मी काय पानं खाते?
चोर दोन दिवसांनी सापडला,
बुलबुल, चोच टोमॅटोत.

पहिल्या तोड्याला भेंड्या निघाल्या अकरा.
घरात माणसं पाच.
कांदा घातला, बटाटा घातला,
ताटात सगळे भेंडी शोधत होते.
"मला सापडली!" नातू ओरडला.
ह्यांनी मोजून घेतलं,
कुणाला दोन, कुणाला तीन.

शनिवारी नळ कोरडा.
तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण,
पातेल्यात साठवून वर पाठवते.
खालचे गायखे म्हणतात, स्लॅब गळेल.
त्यांच्याकडे दर रविवारी पुदिना जातो.
स्लॅब अजून गळलेला नाही.

दुधी मात्र डिशच्या वायरीवरून
थेट टाकीवर जाऊन बसला.
पांढरी फुलं, दिवेलागणीला उमलणारी,
पण फळ धरेना.
बोटाएवढं व्हायचं, पिवळं पडायचं, गळायचं.
नर्सरीतल्या पोरानं काहीतरी कानात सांगितलं,
मला सांगितलं नाही.

कपडे काढायला वर गेले तर
दातांत टॉर्च,
हातात नातवाचा रंगाचा ब्रश,
नराच्या फुलातून मादीच्या फुलात,
हलक्या हातानं, श्वास रोखून.
मला बघितलं आणि टॉर्च पडली.
ह्या माणसानं
उभ्या जन्मात मला गजरा आणला नाही.
मी चादरी तशाच दोरीवर ठेवल्या
आणि खाली आले.

टोमॅटोची बगलफूट खुडली की
बोटं हिरवी-काळी होतात, साबणाला दाद देत नाहीत.
शाईही अशीच असायची.
तेव्हा मी ताट वाढताना
त्या बोटांकडे बघत नसे.

प्रेसच्या फाटकावर रोज झडती.
खिसे, डबा, चपला.
शिपाई शेजारचा असला तरी
हात वर करून उभं राहायचं.
चौतीस वर्षं.
कागदाचा कपटा कधी घरात आला नाही.
टाचणीसुद्धा नाही.

परवा जिन्याच्या दारात समोरासमोर आलो,
हे वरून, मी खालून,
आणि ह्यांचे हात
आपसूक वर गेले.

खाली घ्यायचं सुचेना त्यांना.
मलाही बाजूला व्हायचं सुचेना.

"दाखवा," म्हटलं.

खिशात चार मिरच्या, सुतळीचा तुकडा,
कढीपत्त्याची मोडकी डहाळी.
वरच्या खिशात
दुधीचं फूल, नराचं,
काम झालेलं, मलूल.

"हे कशाला?"
"राहिलं," म्हणाले.

मिरच्या ठेवून घेतल्या.
फूल होतं तिथं परत ठेवलं.
जा, म्हटलं,
खाली फोडणी जळतेय.