भरतीचं वेळापत्रक

ओहोटी लागली की आमची शाळा भरते.
काल सव्वासातला भरली, आज आठ वाजून पाचला,
उद्या नऊला पाच कमी.
घंटा नाही. उशीर झाला तर चंद्राला
पालकांच्या सहीची चिठ्ठी लागत नाही.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या धामणकरबाई
मुलांच्या गुडघ्यांकडे बघत विचारतात,
"कुठे घातलंत हो यांना?"
"चिखलात," मी म्हणते.
त्या हसतात. मजला यायला वेळ लागतो.

दप्तरात खोबरेल, जुना टॉवेल, एक भिंग,
निहारनं जपलेलं खेकड्याचं कवच, त्याचा वास.
करावे गावामागे, जिथे सिमेंटचा रस्ता
अचानक विचार बदलल्यासारखा थांबतो,
तिथून वर्ग सुरू.

तिवराची मुळं मातीतून वर आलेली,
कुणी टोकून ठेवलेल्या पेन्सिली,
शाल्मली त्यांच्यामधून पाय टाकते, एकही न मोडता.
पानाच्या मागे जीभ लावते: "मीठ!"
झाड घामाघूम होतं हे तिला पटलं,
मला अजून पुस्तकात बघावं लागतं.

चांगुणाबाय शिवल्या वेचता वेचता शिकवतात.
"घाई नको करू पोरी, चिखलाला घाई नाय चालत."
चोवीस शिवल्या, चार वाटे.
"आणि एक मेलेली निघाली तर?"
"त गणित नाय, वास येतंय."

शेकाट्याला एकच अक्षर येतं,
तीन बोटांचं,
तेच तो गिरवत जातो पार पाण्यापर्यंत.
माझ्या मुलीला तेवढंही येत नाही.
सात पूर्ण झाली.
काठीनं मी चिखलात ग काढते, म काढते,
ती ग च्या पोकळीत खेकडा सोडून बघते
कुठून बाहेर येतो ते.
पाटी खाडीच पुसते.

रात्री महापेहून येऊन नितीन जेवताना
काहीच विचारत नाही, तेच जड जातं.
सगळे झोपल्यावर मी फोनवर प्रवेशाचा अर्ज उघडते,
जन्मदाखल्याच्या रकान्यापर्यंत भरते
आणि मिटते.
असं चार वेळा झालं. पाच.

आज परतताना तो गंजका फलक,
इतके महिने त्याच्यावर बगळा बसायचा
म्हणून आम्ही बगळाच बघायचो.
आज बगळा नव्हता.
शाल्मली थांबली. ओठ हलले.
"भ... रा... व."
मी हातातली बादली खाली ठेवली नाही,
आवाज होईल म्हणून.
"टा-क... ण्यास. स... सक्त. म-ना-ई."
मग वळून, "मनाई म्हणजे कुणाची आई?"

फलकाच्या पायाशी फुटक्या फरशा, फुलाफुलांच्या,
सिमेंटची पोती, अर्धं कमोड,
त्यात एका खेकड्यानं बीळ केलेलं,
त्याचा एक डेंगा भला मोठा, उगारलेला.
मी अर्थ सांगितला. ती फलकाकडे बघत राहिली,
मग खाली, मग परत वर.
"ज्यांनी टाकलं त्यांना वाचता येत नाही?"
"येतं."
"नीट येतं?"
"नीट."
चांगुणाबायनी पाटी डोक्यावर घेतली
आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.
या धड्याखाली काय लिहायचं मला सुचेना.
निहार म्हणाला, पाणी आलं.

घरापर्यंत ती थांबलीच नाही:
पंक्चर, झेरॉक्स, ताजे बोंबील,
येथे वाहने उभी करू नयेत,
आणि तिथेच उभी असलेली वाहने तिनं मोजली, अकरा.

लिफ्टमध्ये धामणकरबाई. "काय, आज काय शिकलीस?"
मी श्वास धरला. सांग, म्हटलं मनात, सांग ना.
शाल्मलीनं कानातला चिखल काढला.
"एक निवटी पाण्याबाहेर बसली होती," ती म्हणाली,
"मी एकशे सात मोजेपर्यंत."