सात सुया

ऋजुता कॉलेजला जाण्याआधी
सात सुया ओवून ठेवते माझ्यासाठी,
प्रत्येकीत हातभर दोरा, टोकाला गाठ.
उशीत खोचल्या की माझा दिवस तयार.
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डावा अजून रांगेत आहे.
नेढं दिसतं, पण दोन दिसतात,
आणि मी नेमकं खोटं निवडते.

घाटल्याच्या या खिडकीतून
समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात,
रात्री लांबवर रिफायनरीची ज्योत.
मी मात्र वाळवंट भरतेय.
दीड वार केसमेंट, लाकडी रिंग,
आणि वाळूच्या सहा छटा.
दुकानदार म्हणाला, आजी, बिस्किटी घ्या सरळ.
म्हटलं, अरे, सकाळची वाळू वेगळी, पाचची वेगळी.
त्याने अख्खा खोका काउंटरवर पालथा केला.
तळाशी एक लच्छी सापडली, तिच्यावर नंबरच नव्हता,
पिठल्यात हळद कमी पडावी तसा रंग.

रविवारी आम्ही कुठेतरी जातोच.
मिलिंदला घरात बसवत नाही.
वसईचा किल्ला, घारापुरी, तारांगण,
काहीच नाही सुचलं तर मॉल.
बाकीचे तटबंदी बघतात, मी सावली बघते
आणि पिशवीतून रिंग काढते.
एकदा मॉलच्या दारातल्या पोरीने
माझी बोटभर कात्री काढून घेतली,
बदल्यात बिल्ला दिला, एकशे बारा नंबरचा.
मग दोरा तोडायला दात वापरले. तेही माझे नाहीत.
रेणुका कुजबुजली, आई, लोक बघतायत.
बघू देत.

जैसलमेरला गेलो त्याला तीन वर्षं होतील.
सगळ्यांना उंट हवा होता.
मला गुडघे होते.
आई, हे धर जरा, आई, हेपण, असं करत
चार जणांच्या चपला, दोन पर्स,
पाण्याच्या बाटल्या, मिलिंदचा चष्मा
माझ्याभोवती जमा झालं,
आणि उंट टेकाडापलीकडे उतरले.

मग आवाज संपला.

आधी वाटलं, कानाला दडे बसले.
पंखा नाही, कुकर नाही,
लिफ्टचं दार लावा म्हणून ओरडणारी सावंतीण नाही.
आई नाही, अहो आई नाही, आजी माझा चार्जर नाही.
हे जाऊन नऊ वर्षं झाली तरी
पहाटे यांच्या खोकल्याचा भास होतो मला.
तोसुद्धा नाही.

समोर वाऱ्याने धावदोरा घातला होता,
ओळीखाली ओळ, प्रत्येक ओळ
वरचीला अर्धा टाका सोडून.
पन्नास वर्षं शिवतेय,
इतकी सरळ ओळ माझ्या हातून कधी उतरली नाही.
एक काळा किडा त्यावरून चालत गेला,
मागे उसवल्यासारखी रेघ.
मी उठले नाही. जपसुद्धा केला नाही.
चपला सांभाळल्या.

चाळीस मिनिटं. मिलिंद सांगतो,
तेवढ्याचेच पैसे भरले होते.
परत आल्यावर सगळ्यांनी फोटो दाखवले.
आई, तू काय मिस केलंस!
म्हटलं, हो ना.

आता ऋजुता विचारते, आजी, यात उंट कुठेय?
रेणुका म्हणते, कोपऱ्यात एखादं झाड घाला, उठाव येईल,
फ्रेम करून सोफ्यामागे लावू.
मनापासून सांगते बिचारी.
मी म्हणते, हिरवा दोरा संपलाय.
डब्यात हिरव्याच्या अकरा लच्छ्या आहेत.

फक्त तो किडा भरला काल.
गाठीचा एकच टाका, काळा.
लांबून शाईचा डाग वाटतो.
मिलिंदने नखाने खरवडूनही बघितला.

तीन वाजले. सहा सुया रिकाम्या.
कापड दोन वितीच उरलंय.
सातवी आज उशीतच राहू दे.