आधी कंदील

हरिपुरात रसूलचाचाचं एकच सांगणं असायचं:
पेव उघडलं म्हणून लगेच उतरू नये.
दगड सरकव, माती काढ,
तोंड उघडं ठेव रात्रभर,
सकाळी दोरीला कंदील बांधून आत सोड.
ज्योत विझली, तर वरच बस, बिडी ओढ.
आत हळद आहे हे खरं,
पण तिथला सगळा श्वास तिनंच घेतलेला असतो,
तुझ्यासाठी काही उरवलेला नसतो.

मी तेरा वर्षांचा होतो. हसलो.

पुढं सांगलीच्या यार्डात तोलार झालो.
चोवीस वर्षं काट्यापाशी उभा.
पोतं पाठीवरून खाली पडलं की
आवाजावरून मला किलो कळायचे.
आणि एका शुक्रवारी भूपाल मगदूम,
पावत्या फाडणारा भूपाल,
माझ्या डब्यात ज्याचा हात माझ्याआधी जायचा,
अडत्यासमोर म्हणाला,
"कमी भरवतोय ह्योच."
तीन शब्द. लायसन गेलं.

त्या रात्री मी माझं पेव खणलं.
भूपालला आत ठेवला, वर दगड, वर शेणमाती.
पेवातली हळद वजनानं वाढते म्हणतात.
ते मी कधी तोलून पाहिलं नाही,
पण हे वाढत होतं.
बायको म्हणायची, ताटावर आपण चौघं आहोत,
तुम्ही पाचव्याशी काय बोलताय?
थोरलीच्या लग्नाच्या फोटोत सगळे तिच्याकडे बघतायत,
मी मांडवाच्या दाराकडे.
तो आलाच, तर काय बोलायचं ते पाठ करत.
घरी आल्यावर मुठीत अक्षता सापडल्या,
घामानं चिकटलेल्या.

ह्या अक्षतांचं मात्र मला अजून वाईट वाटतं.

एकवीस वर्षांनी मिरजेला गेलो होतो,
बहिणीचा रिपोर्ट आणायला.
व्हरांड्यात वॉर्डबॉय एका म्हाताऱ्याला
वजनकाट्यावर चढवत होता, जमत नव्हतं.
"मामा, जरा हात लावा."
तोंड न बघताच हात लावला.
पाठीखाली तळवा गेला आणि सवयीनं
तोंडातून निघून गेलं, "एकेचाळीस."
काटा म्हणाला, बेचाळीस.
आणि माझ्या खांद्याजवळून आवाज आला,
"अजून कमीच भरवतोस व्हय रं, सिद्राम?"

आधी मला हसू आलं.
मग त्या हसण्याचाच राग आला.
एकवीस वर्षांचं पाठांतर घशाशी आलं,
आणि वॉर्डबॉय ओरडला, "धरा की नीट, पडतील!"

धरलं.

दरवर्षी भाद्रपदात त्यांच्या बस्तीत
सगळे एकमेकांची क्षमा मागतात.
त्यानंही मागितली असेल,
मला सोडून सगळ्यांची,
किंवा सगळ्यांच्या आधी माझीच, मनातल्या मनात.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
सुनेनं थर्मासमधला चहा दोन झाकणांत ओतला.
तो म्हणाला, साखर कमी आहे.
मी म्हणालो, हां, कमी आहे.
पुष्कळ वर्षांनी आमचं एका गोष्टीवर एकमत झालं.

येताना हरिपूरच्या रस्त्यानं चालत आलो,
चिंचांखालून, उगाच.
पेवं पुरात बुजली. रसूलचाचाही नाही.
माझं पेव कधी उघडलं मला ठाऊक नाही,
मी तर नुसता एका माणसाखाली हात घातला होता.
कंदील सोडायचा राहूनच गेला,
तरी श्वास घेता येत होता.

गुरुवारी परत गेलो. सोबत घरची साखर नेली, पुडीत बांधून.
भूपालला उभं करायला आता दोघं लागले.
काटा एकोणचाळीसवर थांबला.
त्याला आकडा दिसत नव्हता. त्यानं माझ्याकडे मान वळवली.

"त्रेचाळीस," मी मोठ्यानं म्हणालो,
यार्डात म्हणायचो तसं, शेवटच्या गाडीवाल्यालाही ऐकू जाईल असं.
चोवीस वर्षांत एकदाही न केलेली चूक.

त्यानं डोळे मिटून मान हलवली,
पावती फाडायच्या आधी
हलवायचा तशी.