तारेवरचं अंजीर

परभणीत आमच्या गेटच्या आत
मोटरसायकल लावून उरते
दीड फूट माती.
नागोराव म्हणाले, बास झाली.

तीस वर्षं लाईनमन.
भिंतीपासून वीतभर सोडून
तीन तारा ताणल्या, एकीवर एक.
भिंतीला चिकटवायचं नाही,
मे महिन्यात ती तवा होते,
हे पहिलं झाड पोळून गेल्यावर कळलं.

दौलताबादकडची काडी.
गुडघ्याला लागली तसा त्यांनी शेंडाच उडवला.
दोन दिवस मी बोलले नाही.
मग डावीकडं एक डोळा फुटला,
उजवीकडं एक,
आणि मधून तिसरा, वरच्या तारेसाठी.

कोवळी आहे तोवरच वाकते फांदी.
तीही एका दमात नाही.
नागपंचमीला थोडी, पोळ्याला थोडी,
दसऱ्यापर्यंत आडवी.

शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या,
झाडाला सुळावर दिलंत की हो!

बांधते मीच.
त्यांची दोन बोटं अकरा केव्हीनं नेली,
ते फांदी धरतात.
सायकलच्या ट्यूबची पट्टी,
चाराच्या आकड्यासारखी गाठ, सैल,
मधे बोट फिरलं पाहिजे.
या झाडावरची एकूण एक गाठ माझी,
हे मी कुणाला सांगत नाही.

यंदा अकरा अंजिरं. चार बुलबुलाची.

संध्याकाळी भांड्यांचं पाणी घालायला जातात
तेव्हा बघते मी खिडकीतून:
तारेला धरण्याआधी
अजून ते उलटा हात लावतात,
हळूच,
मग पान बाजूला करतात.